टोल साडेसहाचा, बिल साडेएक्केचाळीसचं: अमेरिकेत भाड्याची गाडी, टोल रोड आणि एक्सप्रेस लेन

आमच्याकडे गाडी नवरा चालवतो आणि बिलं मी वाचते, त्यामुळे हा लेख मीच लिहिणार हे ठरलेलंच होतं. ओर्लँडोला आठवडाभर गेलो होतो, एअरपोर्टवरून गाडी भाड्याने घेतली, काउंटरवरच्या मुलाने भराभर पाच-सहा ठिकाणी टिक करून घेतलं, आम्ही लांबच्या फ्लाइटने पेंगलेले, सह्या केल्या आणि निघालो. टोल असा लागला फक्त तीन दिवस, सगळा मिळून साडेसहा डॉलर. परत आलो, फोटो बघून झाले, लोकांना दाखवूनही झाले, आणि मग साधारण महिनाभराने कार्डावर आणखी साडेएक्केचाळीस डॉलर कापलेले दिसले. साडेसहा टोल आणि पस्तीस डॉलर 'सेवाशुल्क', रोजचे पाच गुणिले सात दिवस. त्यातले चार दिवस गाडी हॉटेलच्या पार्किंगमध्ये उभी होती नाहीतर बिनटोलच्या रस्त्यावर होती, पण करारात तसंच लिहिलेलं होतं आणि खाली सही आमचीच होती, त्यामुळे भांडायलाही जागा नाही.

त्यानंतर मी हे प्रकरण नीट समजून घेतलं. अमेरिकेत टोल तसा फार महाग नसतो (एक्सप्रेस लेनचं वेगळं, ते पुढे येतंच), महाग पडतं ते टोल कोणाच्या खात्यातून जातो ते. आणि ते तुम्ही गाडी पार्किंगमधून बाहेर काढायच्या आधीच ठरलेलं असतं, तुम्हाला माहीत असो वा नसो.

आधी हे चालतं कसं ते बघू. पूर्वी बूथ असायचे, माणूस बसलेला असायचा, नाणी टाकायची टोपली असायची. आता बऱ्याच ठिकाणी ते गेलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट ब्रिजवर मार्च २०१३ पासून पैसे घ्यायला माणूस नाही, मॅसॅच्युसेट्सच्या टर्नपाइकवरचे (टर्नपाइक म्हणजे टोलचा हायवेच) बूथ २०१६ मध्ये गेले, पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक आणि शिकागोच्या आसपासचे इलिनॉयचे टोल रोड २०२० मध्ये कॅशलेस झाले. आता रस्त्यावर आडवी एक लोखंडी कमान असते, तिच्यावर अँटेना आणि कॅमेरे, तुम्ही शंभरच्या स्पीडने खालून निघून जाता आणि टोल भरला गेला हे कळतही नाही. अँटेना काचेवरचा टॅग वाचतो. टॅग नसेल तर कॅमेरा नंबर प्लेटचा फोटो काढतो आणि गाडी ज्याच्या नावावर आहे त्याला बिल जातं.

आता भाड्याच्या गाडीचा मालक कोण, तर कंपनी. टोलवाल्यांना तुम्ही कोण, कुठले, काही माहीत नसतं, त्यांच्या दृष्टीने कंपनीची गाडी गेली, कंपनीने पैसे द्यावेत. कंपनी देते आणि मग तुमच्या कार्डावरून वसूल करते, आणि या मधल्या हमालीचे पैसे लावते. सगळी गंमत या हमालीत आहे.

प्रत्येक मोठ्या कंपनीची स्वतःची टोल योजना असते, हर्ट्झची प्लेटपास, एव्हिस आणि बजेटची ई-टोल, एंटरप्राइजची टोलपास अशी नावं आहेत. नावं वेगळी असली तरी काउंटरवर विचारायचे प्रश्न सगळीकडे सारखेच. पहिला प्रश्न, शुल्क फक्त टोल लागला त्या दिवसाचं आहे का एकदा टोल लागला की भाड्याच्या सगळ्या दिवसांचं? आम्ही मेलो ते इथेच. दुसरा, एका भाड्याला जास्तीत जास्त किती शुल्क लागू शकतं? कारण बऱ्याच योजनांना वरची मर्यादा असते, आणि रोज टोल रोडवरून जाणार असाल तर ती मर्यादा कधी कधी परवडते सुद्धा. तिसरा, टोल कुठल्या दराने लावणार? टॅगवाल्यांना टोल स्वस्त असतो, नंबर प्लेटवरून जाणाऱ्यांना महाग, पेनसिल्व्हेनिया टर्नपाइकवर तर प्लेटने गेलं की साधारण दुप्पट, आणि कंपन्यांच्या करारात अनेकदा सवलत नसलेला वरचा दर लावायची मुभा असते. म्हणजे शुल्क वेगळं आणि टोलही चढा.

रोजचं शुल्क कंपनीप्रमाणे चार-पाच डॉलरपासून दहाच्या वरपर्यंत जातं. काही जण उलट आधीच 'अमर्यादित टोल' असं पॅकेज विकतात, रोजची ठरावीक रक्कम द्या आणि मग कितीही टोल लागू दे. ते ऐकायला छान वाटतं पण दिवसाला तीन-चार डॉलरचाच टोल लागणार असेल तर कशाला घ्यायचं. न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या बाजूला रोज पूल आणि बोगदे ओलांडत फिरणार असाल तरच हिशोब जमू शकतो. आणि 'मला तुमची योजना नको' असं सांगून नुसतं निघालात तर सुटका होते असं समजू नका हं, कारण योजनेशिवाय टोल लागला तर काही कंपन्या प्रत्येक टोलमागे वेगळा दंड लावतात, दीड डॉलरच्या टोलवर दहा-पंधरा डॉलर असा. नको म्हणायचं तर दुसरी सोय हातात ठेवून म्हणायचं.

यावरून कोर्टबाजी सुद्धा झालीये. गोल्डन गेटवर बूथच नाही, पर्यटक भाड्याची गाडी घेऊन पूल बघायला जाणारच, आणि घरी गेल्यावर शुल्क बघून कपाळाला हात लावणार. सॅन फ्रान्सिस्कोचे तेव्हाचे सिटी अ‍ॅटर्नी डेनिस हरेरा यांनी २०१७ मध्ये हर्ट्झ आणि त्यांची टोल योजना चालवणाऱ्या कंपनीवर दावा लावला, ग्राहकांना शुल्काबद्दल नीट सांगितलं जात नाही म्हणून, आणि २०१९ मध्ये ३६ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली. त्याने शुल्क बंद झालं असं नाही, पण तक्रार आपली एकट्याची नव्हती एवढं समाधान.

बरं मग दुसरी सोय कुठली? सगळ्यात साधी म्हणजे टोल टाळणं. मॅप्समध्ये 'टोल टाळा' चालू करायचं आणि किती मिनिटं वाढतात ते बघायचं. बऱ्याचदा दहा-पंधरा मिनिटांचाच फरक असतो, कारण अमेरिकेतले बहुतेक हायवे फुकटच आहेत. पण हे आंधळेपणाने करू नका, काही ठिकाणी टोल टाळला तर तासभर सिग्नल मोजत बसावं लागतं, आणि काही ठिकाणी एअरपोर्टमधून बाहेर पडतानाच टोल रोड समोर येतो. डेन्व्हर एअरपोर्टजवळचा ई-४७० पूर्ण कॅशलेस आहे, मायामी एअरपोर्टच्या जवळचे ८३६ आणि ११२ हे दोन्ही रस्तेही तसेच. गाडी सुरू करायच्या आधी सेटिंग लावा, नाहीतर मॅप्सवरच्या बाई तुम्हाला पाच मिनिटांत कमानीखाली नेऊन सोडतील.

दुसरी सोय म्हणजे स्वतःचा टॅग. इथे आपल्याकडच्या माणसाचा हमखास गोंधळ होतो, कारण आपल्याला फास्टॅगसारखा देशभर एकच टॅग चालायची सवय. अमेरिकेत तसं नाहीये. २०१२ च्या एका केंद्रीय कायद्यात लिहिलं होतं की ऑक्टोबर २०१६ पर्यंत सगळ्या टोल यंत्रणा एकमेकांशी जुळल्या पाहिजेत, ती तारीख येऊन गेली आणि अजून पूर्ण जुळलेलं नाही. पूर्वेकडे आणि मिडवेस्टमध्ये ईझीपास चालतो, वर मेनपासून इकडे इलिनॉयपर्यंत आणि खाली नॉर्थ कॅरोलिना, फ्लोरिडापर्यंत. शिकागोचा आय-पास याच कुटुंबातला. फ्लोरिडाचा स्वतःचा सनपास आहे, त्यातला सनपास प्रो हा प्रकार ईझीपासच्या राज्यांतही चालतो. टेक्सासमध्ये डॅलसचा टोलटॅग आणि ह्यूस्टनचा ईझी टॅग, हे आपसात चालतात (आणि ईझी टॅग आणि ईझीपास या वेगळ्या गोष्टी आहेत, नावं ठेवणाऱ्याला काय म्हणायचं). कॅलिफोर्नियात फास्ट्रॅक, वॉशिंग्टन राज्यात गुड टू गो. म्हणजे न्यू जर्सीत राहणाऱ्या भाच्याचा टॅग घेऊन तुम्ही कॅलिफोर्नियात गेलात तर तो तिथे शोभेची वस्तू.

टॅग घेताना काचेला कायमचा चिकटणारा स्टिकर घेऊ नका. फ्लोरिडात सनपास मिनी पाच डॉलरच्या आत मिळतो म्हणून लोक उचलतात, पण तो काढला की फाटतो आणि बाद होतो, भाड्याच्या गाडीला काय करायचाय. काढता-लावता येणारा डबीसारखा टॅग घ्यायचा, तो सुपरमार्केट आणि औषधांच्या दुकानातही मिळतो. नातेवाईक तिथे राहत असतील तर त्यांचा टॅग दोन आठवडे मागून घेणं सगळ्यात सोपं, खात्यातून कापले गेलेले पैसे नंतर देऊन टाकायचे. ओर्लँडोला जाणाऱ्यांसाठी तर तिथल्या एक्सप्रेसवे प्राधिकरणाने एअरपोर्टवर 'व्हिजिटर टोल पास' ठेवलाय, खास भाड्याच्या गाड्यांसाठीच. अ‍ॅपवर नाव आणि कार्ड नोंदवायचं, मशीनमधून आरशाला टांगायचा टॅग घ्यायचा, परत जाताना ड्रॉप बॉक्समध्ये टाकायचा, टॅग फुकट आणि टोल टॅगच्या स्वस्त दराने. आम्हाला हे नंतर कळलं. त्या मशीनच्या आसपासूनच आम्ही बॅगा ओढत गेलो असणार.

स्वतःचा टॅग असला तरी तीन गोष्टी करायच्याच. एक, खात्यात भाड्याच्या गाडीची नंबर प्लेट घालायची, राज्याच्या नावासकट, कारण फ्लोरिडात घेतलेल्या गाडीची प्लेट दुसऱ्याच राज्याची असू शकते. टॅग कधी वाचला गेला नाही तर प्लेटवरून तरी तुमच्याच खात्यात जमा होईल. दोन, सुरू आणि शेवटची तारीख टाकायची आणि गाडी परत केली की प्लेट लगेच काढून टाकायची. हे विसरलात तर पुढचा माणूस ती गाडी घेऊन फिरेल आणि टोल तुम्ही भराल, आणि तो माणूस कोण हे तुम्हाला कधीच कळणार नाही. तीन, गाडीतली डबी बघायची. बऱ्याच भाड्याच्या गाड्यांमध्ये आरशामागे काचेला एक सरकत्या झाकणाची डबी असते, आत कंपनीचा टॅग. झाकण उघडं म्हणजे टॅग चालू. तुमचा टॅग लावलाय आणि डबीही उघडी राहिलीये, तर एकाच कमानीखाली दोनदा पैसे जाऊ शकतात. आधीच्या गिऱ्हाइकाने उघडी ठेवलेली असते, त्यामुळे गाडीत बसल्यावर सीट आणि आरसे लावतो तसंच ती डबी बंद आहे का ते हात लावून बघायचं.

पण डबी बंद केली म्हणजे कंपनीच्या योजनेतून बाहेर पडलो असंही नाही! डबी बंद, स्वतःचा टॅग नाही, तरी कॅमेऱ्याने प्लेट टिपलीच, आणि ती प्लेट कंपनीने आधीच टोलवाल्यांकडे नोंदवून ठेवलेली असते, त्यामुळे तुम्ही आपोआप योजनेत. पूल आणि रस्त्यांच्या वेबसाइटवर प्लेट टाकून एकदाच पैसे भरायची सोय असते, गोल्डन गेटला ओलांडायच्या आधीही भरता येतात, इलिनॉयमध्ये नंतर चौदा दिवसांपर्यंत. माझं मत विचाराल तर जिथे आधी भरता येतं तिथे आधीच भरा. नंतर भरायला जाल तोवर कंपनीच्या नोंदलेल्या खात्यातून टोल गेलेला असू शकतो आणि मग तेलही गेलं तूपही गेलं.

न्यूयॉर्कबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. न्यू जर्सीकडून येणाऱ्या हॉलंड टनेल, लिंकन टनेल, जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज यांचा टोल फक्त न्यूयॉर्कमध्ये शिरताना लागतो, बाहेर पडताना नाही. गोल्डन गेटही तसाच, शहराच्या दिशेने येतानाच टोल, त्यामुळे रस्ता कसा आखता त्यावर फरक पडतो. शिवाय ५ जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनमध्ये ६० व्या रस्त्याच्या खाली गाडी नेली की वेगळे पैसे, साध्या गाडीला गर्दीच्या वेळी ईझीपासने ९ डॉलर, दिवसातून एकदा, आणि टॅग नसेल तर साडेतेरा. त्यावर भाड्याच्या कंपनीचं शुल्क येणारच. खरं म्हणजे मॅनहॅटनमध्ये गाडी न्यायचीच कशाला हा प्रश्न मी नवऱ्याला विचारला होता, उत्तर मिळालं नाही.

आता एक्सप्रेस लेन. हायवे एकच असतो, पण डावीकडच्या एक-दोन लेन वेगळ्या काढलेल्या असतात, कुठे दुहेरी पांढऱ्या रेषेने तर कुठे प्लॅस्टिकच्या खुंट्यांनी. बाजूच्या लेन फुकट, ही पैशाची. आणि पैसे ठरलेले नसतात, गर्दी वाढली की दर वाढतो. कारण इथे विकायला ठेवलाय तो वेग, दर इतका चढवायचा की मोजकेच लोक आत येतील आणि लेन पळत राहील. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत ९१ नंबरच्या हायवेवर डिसेंबर १९९५ मध्ये हा प्रकार सुरू झाला, तिथे दर वेळेप्रमाणे आधी ठरवलेले असतात. नंतर बऱ्याच ठिकाणी दर मिनिटामिनिटाला बदलायला लागले. वॉशिंग्टन डीसीच्या बाहेर व्हर्जिनियात आय-६६ वर डिसेंबर २०१७ मध्ये टोल चालू झाला, त्याच पहिल्या दिवसांत सकाळच्या गर्दीत दर चाळीस डॉलरच्याही वर गेला होता, दहा मैलांच्या आसपासच्या रस्त्याला!

लेनमध्ये शिरायच्या आधी मोठा बोर्ड असतो, अमुक ठिकाणापर्यंत इतके, तमुक ठिकाणापर्यंत इतके. बहुतेक ठिकाणी तुम्ही शिरताना जो दर दिसतो तोच तुम्हाला लागतो, आत गेल्यावर वाढला तरी तुमचा वाढत नाही. पण ते वाचायला मिळतात चार-पाच सेकंद, परक्या देशात, उजव्या बाजूने चालवताना, मागे पोरं भांडत असताना. म्हणून शेजारी बसणाऱ्याने बोर्ड वाचायचा आणि 'जायचं' किंवा 'नाही' एवढंच बोलायचं, चर्चा नाही.

या लेनमध्ये माणसं जास्त असतील तर टोल कमी किंवा माफ, हे ऐकून लोक खूश होतात. आपण पाच जण आहोत, चला फुकट. थांबा. व्हर्जिनियात तीन किंवा जास्त माणसांना माफ आहे हे खरं, पण त्यासाठी ईझीपास फ्लेक्स नावाचा वेगळा टॅग लागतो, त्याच्यावर बटण असतं ते कारपूलवर सरकवावं लागतं. कॅलिफोर्नियात फास्ट्रॅक फ्लेक्स, त्याच्यावर १, २, ३ असे आकडे. भाड्याच्या गाडीतली डबी साधी असते, तिच्यात असलं बटण नसतं, मशीनला गाडीत पाच डोकी आहेत हे कळणार कसं? त्यामुळे गाडी भरलेली असूनही पूर्ण टोल. उलट नुसत्या कारपूल लेन असतात, रस्त्यावर पांढरा चौकटीचा हिरा काढलेला, तिथे टोल नसतो, फक्त दोन किंवा तीन माणसं हवीत, बोर्डावर वेळ लिहिलेली असते. त्यात पाच जणांनी खुशाल जावं.

मायामीच्या ९५ एक्सप्रेससारख्या काही लेनमध्ये तर टॅगच लागतो, नंबर प्लेटवर बिल पाठवायची सोयच नाही, बिनटॅगची गाडी गेली की थेट नियमभंग. टॅगबद्दल शंका असेल तर एक्सप्रेस लेनच्या नादी लागूच नका, बाजूची फुकट लेन आहे की. आणि चुकून शिरलातच तर खुंट्यांमधून किंवा दुहेरी रेषेवरून बाहेर यायचं नाही, एक तर पोलिसाचं तिकीट आणि दुसरं म्हणजे पलीकडची गाडी ठरलेल्या जागीच कोणीतरी येईल अशा हिशोबाने येत असते. पुढचा बाहेर पडायचा रस्ता येईपर्यंत जायचं, तुमची एक्झिट गेली तर गेली, दोन-चार मैलांनी वळता येतं. कमानीखाली गाडी थांबवणं किंवा रिव्हर्स घेणं तर नाहीच नाही. फोनमध्ये रस्त्याचं नाव, दिशा आणि वेळ लिहून ठेवायची, संध्याकाळी बघता येतं काय करायचं ते.

गाडी परत करताना भाड्याचं बिल हातात पडतं त्यात टोल नसतो बरं का. तो काही आठवड्यांनी वेगळा येतो, अनेकदा टोल योजना चालवणाऱ्या तिसऱ्याच कंपनीच्या नावाने, त्यामुळे स्टेटमेंटमध्ये ओळखू येत नाही. त्यांच्या साइटवर कराराचा नंबर टाकला की तारीख, वेळ आणि ठिकाणासकट यादी मिळते. ती गाडी घेतल्याच्या आणि परत केल्याच्या वेळेशी ताडून बघा, परत केल्यानंतरचा टोल तुमचा नाही, तसंच तुमच्या टॅगवर तोच टोल आधी कापला गेला असेल तर त्याचं स्टेटमेंट पाठवून पैसे परत मागता येतात. म्हणून परत करतानाची वेळ लिहिलेली पावती आणि प्लेटचा एक फोटो दोन-तीन महिने तरी ठेवावा.

आणि मधेच फोनवर मेसेज आला की तुमचा टोल थकलाय, या लिंकवर भरा नाहीतर दंड, तर तो उघडू नका. २०२४ मध्ये एफबीआयनेही अशा खोट्या टोल मेसेजांबद्दल लोकांना सावध केलं होतं. भाड्याच्या गाडीत तर हे ओळखणं सोपं आहे, गाडी कंपनीची, प्लेट कंपनीची, टोलवाल्यांकडे तुमचा मोबाइल नंबर येणार कुठून? मला असा एक मेसेज आला होता तेव्हा मी घरात बसून भाजी निवडत होते आणि नवरा म्हणत होता की अगं भरून टाक, राहिला असेल एखादा.